तळाचे सव्वाचार लिटर

ननीटनच्या शेडमध्ये आमची टाकी पारदर्शक आहे.
खरी टाकी काळी, गाडीच्या पोटाखाली,
मालकालाही आयुष्यात न दिसणारी.
ही काचेसारखी, आत लाल रंग कालवलेलं द्रव.
रेज टनिक्लिफ तिला झोपाळ्यावर चढवतो.
झोपाळा म्हणजे चार हायड्रॉलिक पायांचं टेबल,
कलतं, हिसके देतं, थांबतं, पुन्हा कलतं.

भरलेल्या टाकीकडून शिकण्यासारखं काही नसतं.
पन्नास लिटर असले की कुठलीही टाकी शहाणी.

लीक गावाहून पत्र आलं होतं,
ऑड्री हॅकेट, रात्रपाळीच्या नर्स.
पहाटे गोल चौकात गाडी बंद पडली,
मागे दुधाचा टँकर, त्याचे दिवे आरशात,
आणि (इथे पेन जरा दाबलेलं)
'टाकीत पेट्रोल होतं. मी काटा बघितला होता.'

काटा खरं बोलत होता.
आम्ही गाडी आणवली, टाकी उपसली.
सव्वाचार लिटर.
पस्तीस मैलांची बेगमी, जागच्या जागी.

गोल चौकात गाडी उजवीकडे वळत राहते
आणि पेट्रोल डावीकडे जाऊन बसतं.
पंप उजव्या कोपऱ्यात,
तोंड उघडं टाकून हवा पीत.

हे मला आईनं शिकवलं होतं,
तिला गाडीतलं ओ की ठो कळत नसताना.
मिरजेला आमची खानावळ, मेडिकलची मुलं जेवायला.
रात्री साडेदहाला शेवटचं कुणीतरी दारात,
आणि आई पातेलं कलतं करी,
पळी तळाला घासे,
आमटी मुकाट्यानं एका कडेला गोळा होई.
पण तिथं कलतं करणं तिच्या हातात होतं.
इथं रस्ता कलतं करतो, आणि विचारत नाही.

म्हणून तिची दुसरी सवय कामाची.
आमटी उतरली की पहिलं ताट वाढायच्या आधी
एक वाटी भरून फडताळात झाकून ठेवायची.
कुणासाठी, ते ठरलेलं नसे.

टाकीच्या पोटात मी एक वाटी काढली.
तळाला झडप, आत येऊ देणारी, बाहेर न सोडणारी.
इंजिनाकडून परतणारं उरलंसुरलं पेट्रोल
बारीक तोंडातून जोरात सुटतं,
कोपऱ्यात दडलेलं थोडं सोबत ओढतं
आणि वाटीत आणून ओततं.
पंप फक्त वाटीतून पितो.
ड्रॉइंगवर तिला नंबर दिला,
माझ्या वहीत नाव लिहिलं : फडताळ.

हिशेबखात्याची इमोजेन म्हणाली,
गाडीमागे एक पौंड नव्वद पेन्स,
इतक्या तळाला जातं तरी कोण?
रेजनं चहाचा मग खाली ठेवला.
'ज्यांचा पगार शुक्रवारी होतो ते.
गुरुवारी.'

मंगळवारी चाचणी. चार लिटर. झोपाळा उजवा, डावा, ब्रेक.
तीन. दोन.
लाल द्रव या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतं,
बाहेर नुसता ओला तळ चमकतो,
आणि मधोमध वाटी काठोकाठ, किंचित थरथरती.
एक लिटर शंभरला पहिला ठसका.
रेजनं आकडा खडूनं जमिनीवर लिहिला,
कागद हाताशी असून.

ऑड्रीबाईंना हे कळवायचं होतं.
कायदाविभाग म्हणाला, उत्तर दिलं की चूक कबूल होते.
पत्र माझ्या खणात आहे.

परतताना माझ्याच गाडीचा पिवळा दिवा लागला.
बेडवर्थच्या चौकात बाहेर पडायची वाट सोडून
मी एक फेरी जादा मारली, कान तळाशी लावून.
मग अजून एक.
दुसऱ्या फेरीच्या शेवटी इंजिन किंचित अडखळलं,
बोलता बोलता कुणी आवंढा गिळावा तसं.

माझी गाडी अकरा वर्षांची.
तिच्यात वाटी नाही.
पुढच्या पंपावर वळले आणि दहा पौंडांचं भरलं,
आज बुधवार.